मोठी पवनचक्की हळू का फिरते, आणि वारा वाढला तरी तिचे फेरे का वाढत नाहीत?

वाटसरू_सातारा

नमस्कार. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. त्यामुळे प्रश्नातच काही मूलभूत चूक असल्यास ती निःसंकोच दाखवून द्यावी.

साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघर या वाटेने चाळकेवाडीच्या पठारावर मी गेली अनेक वर्षे जात आलो आहे. तेथील जुन्या पवनचक्क्या भराभर फिरतात. मागच्या खेपेस घड्याळ लावून एका चक्कीचे फेरे मोजले, ते मिनिटाला ३८ भरले. तिच्या पंख्याचा व्यास ३३ मीटर असून ती ३५० किलोवॅटची आहे, असे तेथील रखवालदाराने सांगितले. त्यानंतर महिनाभराने कच्छमध्ये भुजहून मांडवीकडे जाताना १२० मीटर व्यासाची, २.१ मेगावॅटची यंत्रे पाहिली. ती मिनिटाला १२ फेरेच घेत होती. एक पाते वरून खाली येण्यास अडीच सेकंद लागत होते, इतकी ती संथ वाटत होती.

माझे प्रश्न असे आहेत. एवढी महागडी यंत्रे इतकी हळू फिरत असतील तर ती सहापट वीज कशी देतात? पठारावर वारा कधी अंगावरचा शर्ट फडफडण्याइतका असतो, तर कधी उभे राहू देत नाही. तरी जुन्या चक्कीचे फेरे मला नेहमी सारखेच का दिसतात? आणि चांगला वारा असताना मधलीच एखादी चक्की स्तब्ध का उभी असते?

भौतिकी_शिक्षक

आपण फेरे मोजून आणलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. त्याच आकड्यांवरून पुढे जाऊ.

पात्याचे टोक किती वेगाने जाते ते आधी काढा. ३३ मीटर व्यासाच्या पंख्याचा परीघ सुमारे १०४ मीटर होतो. मिनिटाला ३८ फेरे म्हणजे टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ६६ मीटर, अर्थात ताशी २३६ किलोमीटर. १२० मीटर व्यासाच्या पंख्याचा परीघ ३७७ मीटर आहे आणि एका फेऱ्याला ५ सेकंद लागतात. म्हणजे टोकाचा वेग सेकंदाला ७५ मीटर, ताशी २७१ किलोमीटर. जी चक्की आपल्याला संथ वाटली, तिच्याच पात्याचे टोक अधिक वेगाने धावत होते. आपला डोळा कोन मोजतो, अंतर मोजत नाही; आणि एवढ्या उंचीवरच्या, एवढ्या मोठ्या वस्तूच्या बाबतीत तो हमखास फसतो.

वाऱ्याला मिनिटाच्या फेऱ्यांशी काही देणेघेणे नसते. टोकाचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या किती पट आहे, यावर सारे अवलंबून असते. अभियंते या गुणोत्तराला टिप स्पीड रेशो म्हणतात. वारा सेकंदाला ९ मीटर धरला तर आपल्या लहान चक्कीचे गुणोत्तर ७.३ येते आणि मोठीचे ८.४. तीन पात्यांच्या आधुनिक चक्कीला साधारण ७ ते ९ या पट्ट्यात वाऱ्यातून सर्वाधिक ऊर्जा घेता येते, म्हणून आकारात चौपट फरक असूनही दोन्ही यंत्रे त्याच पट्ट्यात आहेत.

हा पट्टा का, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण सगळ्या प्रश्नाचे मूळ तेथेच आहे. पंखा फार हळू फिरला तर दोन पात्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून बराचसा वारा काम न करताच निघून जातो. फार वेगाने फिरला तर प्रत्येक पाते आधीच्या पात्याने घुसळलेल्या हवेत शिरते, पंखा वाऱ्याला एखाद्या सलग तबकडीसारखा भासू लागतो, वारा त्याला वळसा घालून बाजूने जातो आणि वर पात्यांना हवेचे घर्षण सोसावे लागते ते वेगळेच. या दोन टोकांच्या मध्ये इष्ट बिंदू सापडतो. तेथेही वाऱ्यातील सगळी ऊर्जा काढून घेता येत नाही, कारण तसे झाले तर पंख्यामागची हवा थांबून राहील आणि पुढच्या हवेला जायला वाटच उरणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले की ही कमाल मर्यादा २७ पैकी १६ भाग, म्हणजे ५९.३ टक्के आहे. पंखा कितीही कुशलतेने घडवला तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही.

आता विजेचा हिशेब. वाऱ्यातून मिळणारी शक्ती पंख्याने व्यापलेल्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात आणि वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लहान पंख्याचे क्षेत्रफळ सुमारे ८५५ चौरस मीटर, मोठ्याचे ११,३०० चौरस मीटर; म्हणजे १३ पट. क्षमता मात्र सहापटच आहे, आणि ते मुद्दाम केलेले असते: मोठ्या यंत्राला त्याच्या जनित्राच्या मानाने खूप मोठा पंखा दिलेला असल्याने ते मध्यम वाऱ्यातही पूर्ण क्षमतेला पोहोचते.

हळू फिरूनही जास्त शक्ती कशी, याचे उत्तर आघूर्णात, म्हणजे दांड्याला फिरवणाऱ्या पिळात आहे. शक्ती म्हणजे आघूर्ण गुणिले फिरण्याचा कोनीय वेग. पूर्ण क्षमतेला लहान चक्कीच्या मुख्य दांड्यावर सुमारे ८८,००० न्यूटन-मीटर आघूर्ण येते. मोठीच्या दांड्यावर सुमारे १६ लाख ७० हजार. वेग तिपटीने कमी झाला, पण पीळ एकोणीसपट झाला. विहिरीवरचा रहाट आठवा. भरलेली मोट ओढणारे बैल हळूच चालतात, पण दोराला येणारा ताण पाहिला म्हणजे त्या हळू चालीत किती बळ आहे ते कळते.

पठारासंबंधी एक गोष्ट सांगावीशी वाटते. समुद्रसपाटीला हवेची प्रमाण घनता घनमीटरला १.२२५ किलो धरतात. चाळकेवाडीसारख्या सुमारे ११०० मीटर उंचीवर ती साधारण १.०५ पर्यंत उतरते. त्यामुळे त्याच वाऱ्यात वीज तितक्या प्रमाणात कमी मिळते, पण वर सांगितलेले इष्ट गुणोत्तर घनतेने बदलत नाही. पीळ कमी होतो, फेरे तेच राहतात.

मनोरा_८०

मी बारा वर्षे पवनचक्क्यांच्या देखभालीचे काम केले आहे. आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या कामातले आहे, म्हणून लिहितो.

जुन्या यंत्रांत थेट ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, जोडलेला इंडक्शन जनरेटर असतो. आपल्या ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झ; चार ध्रुवांच्या जनरेटरसाठी त्याचा समकालिक वेग, म्हणजे ग्रिडच्या वारंवारतेशी जुळणारा वेग, मिनिटाला १५०० फेरे येतो. मधल्या गिअरबॉक्सचे गुणोत्तर साधारण ४० धरले तर पंख्याला मिनिटाला ३८ फेरे घ्यावेच लागतात. एकदा यंत्र ग्रिडला जोडले गेले की ग्रिड त्याला जणू धरून ठेवते. वारा वाढला की पंखा पुढे पळू पाहतो, पण जनरेटर तितकाच जास्त रोध करतो. वेग १५०० वरून १५१५ च्या आसपास, म्हणजे शेकडा एक-दोन इतकाच सरकतो आणि बाकी सगळा जोर करंटच्या रूपाने बाहेर पडतो. पंख्याचे ३८ चे साडेअडतीस झाले तर ते रस्त्यावरून कोणाला दिसणार? कंट्रोल पॅनेलवर मात्र फरक स्पष्ट दिसतो: फेऱ्यांचा आकडा जागचा हलत नाही आणि किलोवॅटचा आकडा ९० वरून २८० वर जातो.

या पद्धतीत तोटा असा की फेरे पक्के असल्याने वाऱ्यागणिक गुणोत्तर बिघडते. वारा ६ मीटरवर आला तर ७.३ चे ११ होते, म्हणजे पंखा वाऱ्याच्या मानाने फार वेगात फिरतो. त्यावर उपाय म्हणून अनेक जुन्या यंत्रांच्या जनरेटरमध्ये दुसरे वेटोळे असते, सहा ध्रुवांचे. त्याचा समकालिक वेग मिनिटाला १०००. वारा मंदावला की यंत्र त्या वेटोळ्यावर जाते आणि पंखा ३८ वरून एकदम २५ वर येतो. गंमत म्हणजे ६ मीटरच्या वाऱ्यात २५ फेऱ्यांना गुणोत्तर पुन्हा ७.२ च्या आसपास येते. ही जुळणी करूनच ध्रुवांची संख्या ठरवलेली असते. संध्याकाळी वारा पडत असताना लक्ष देऊन पाहिलेत तर हा बदल आपल्याला डोळ्यांनी टिपता येईल. वर नॅसेलमध्ये, म्हणजे मनोऱ्याच्या माथ्यावरच्या यंत्रपेटीत, असताना तो आधी कानाला कळतो: गिअरबॉक्सचा सूर एकाएकी खाली उतरतो आणि पायाखालची जाळी क्षणभर थरथरते.

कच्छमधल्या नव्या यंत्रांत जनरेटर आणि ग्रिड यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर असतो, त्यामुळे पंख्याला ५० हर्ट्झच्या दावणीला बांधून घ्यावे लागत नाही. ६ मीटर वाऱ्यात ८ फेरे, ९ मीटर वाऱ्यात १२ फेरे, असे वाऱ्याबरोबर फेरे वाढतात आणि गुणोत्तर ८.४ वर स्थिर राहते. बऱ्याच यंत्रांत कन्व्हर्टरमधून एकूण शक्तीचा सुमारे एक तृतीयांश भागच जातो, काहींत पूर्ण शक्ती जाते. गिअरबॉक्स अजिबात नसलेली यंत्रेही आहेत. त्यांचा जनरेटर खूप जास्त ध्रुवांचा आणि मोठ्या कड्यासारखा रुंद असतो, म्हणून त्यांचे डोके लगेच ओळखू येते. १२ फेऱ्यांच्या पुढे मात्र नवे यंत्रही जात नाही. तेथून पुढे पाती आपल्या अक्षाभोवती किंचित वळतात, वाऱ्याला कमी पकड देतात आणि फेरे धरून ठेवतात. त्याला पिच म्हणतात.

बंद उभ्या चक्कीची कारणे अनेक आहेत. दुरुस्ती चालू असेल, ग्रिड गेलेली असेल, किंवा वारा सेकंदाला २५ मीटरच्या, म्हणजे ताशी ९० किलोमीटरच्या वर गेल्याने यंत्राने स्वतःला बंद केले असेल. एक कारण सहसा कोणाला ठाऊक नसते. नॅसेल वाऱ्याकडे तोंड करत फिरत राहतो, त्यामुळे मनोऱ्यात खाली आलेल्या केबलला पीळ पडत जातो. एकाच दिशेने काही वेढे झाले की यंत्र थांबते, नॅसेल उलटा फिरवून पीळ सोडवते आणि मग पुन्हा सुरू होते.

वाटसरू_सातारा

दोघांचेही मनापासून आभार. फेऱ्यांवरून शक्ती ठरवत होतो, ही माझी चूक आता ध्यानात आली. पण त्यातूनच पुढचा प्रश्न येतो. मोठ्या यंत्राला १२ फेऱ्यांवरच का थांबवायचे? वेग वाढवला तर पीळ कमी होईल, गिअरबॉक्स लहान लागेल, खर्च वाचेल. मग जोराच्या वाऱ्यात त्याला १५ किंवा २० फेरे का घेऊ देत नाहीत? आणि ग्रिड एकाएकी गेली तर धरून ठेवणारे कोणी नसताना पंख्याचे काय होते?

आरहूसकर

मी मूळचा इस्लामपूरचा, सध्या डेन्मार्कमध्ये पात्यांच्या रचनेवर काम करतो. आपण उपस्थित केलेला मुद्दा अगदी रास्त आहे. टोकवेग वाढवला तर गिअरबॉक्स आणि मुख्य दांडा स्वस्त होतात, म्हणूनच रचनाकार तो शक्य तितका वर नेऊ पाहतात. त्यांना अडवणाऱ्या गोष्टींत पहिली आहे आवाज.

पात्याच्या मागच्या कडेवरून हवा सुटताना जो आवाज होतो, त्याची तीव्रता टोकवेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढते. वेग फक्त दहा टक्के वाढवला तर आवाज २ डेसिबलने चढतो. आपण कल्पना करा की १२० मीटरचा पंखा चाळकेवाडीच्या चक्कीसारखा ३८ फेऱ्यांनी फिरवला. टोक ताशी ८६० किलोमीटरने, प्रवासी विमानाच्या वेगाने जाईल आणि आवाज २५ डेसिबलने वाढेल. शिवाय ९ मीटर वाऱ्यात गुणोत्तर २६ च्या वर जाईल, म्हणजे वीज मिळणे दूरच, हवेच्या घर्षणावर मात करण्यासाठी पंख्याला वीज पुरवावी लागेल. म्हणून वस्तीजवळच्या जमिनीवरील यंत्रांचा टोकवेग सेकंदाला ७५ ते ९० मीटरच्या आसपास ठेवतात. समुद्रात ऐकणारे कोणी नसल्याने मर्यादा सैल होते: व्हेस्टास या कंपनीच्या व्ही-१६४ या सागरी यंत्राचा पंखा १६४ मीटर व्यासाचा असून तो मिनिटाला १२.१ फेऱ्यांपर्यंत जातो. म्हणजे टोकवेग सेकंदाला १०४ मीटर.

दुसरी अडचण पावसाची आहे आणि ती सह्याद्रीला विशेष लागू पडते, कारण तेथे सर्वांत जोराचा वारा आणि सर्वांत जोराचा पाऊस एकाच हंगामात येतात. पावसाचा थेंब खाली पडतो सेकंदाला काही मीटरने. पण पात्याची पुढची कड त्याच्यावर ७५ मीटरच्या वेगाने आदळते. काही हंगामांनंतर टोकाकडच्या कडेवरचा रंग उडतो, मग खाली काचतंतूंचे थर उघडे पडतात. बोट फिरवले तर खडबडीत पॉलिश पेपरसारखे लागते. एवढ्या खडबडीनेही हवेचा प्रवाह बिघडतो आणि वर्षाचे उत्पादन घटते.

तिसरी गोष्ट बळांची. टोकाशी असलेली प्रत्येक किलोची वस्तू केंद्राबाहेर स्वतःच्या वजनाच्या साडेनऊ पटीहून जास्त जोराने ओढली जाते. पण मोठ्या पात्याला खरा त्रास त्याच्या स्वतःच्या वजनाचा होतो. दर फेऱ्यात पाते एकदा उजवीकडे आडवे होते, एकदा डावीकडे. एका बाजूला जी कड ताणली जाते, ती दुसऱ्या बाजूला दाबली जाते. मिनिटाला १२ फेरे म्हणजे अखंड वर्षभरात ६३ लाख वेळा हा उलटापालटा ताण. थांबण्याचा काळ वजा केला तरी वीस वर्षांत आकडा दहा कोटींच्या घरात जातो. पुलावरून किंवा विमानाच्या पंखावरूनही इतकी आवर्तने क्वचितच जातात.

मनोराही वेग ठरवण्यात भाग घेतो. १२ फेऱ्यांना पंख्याची वारंवारता ०.२ हर्ट्झ, आणि तीन पाती आळीपाळीने मनोऱ्यासमोरून जातात त्याची ०.६ हर्ट्झ. उंच मनोऱ्याची नैसर्गिक वारंवारता या दोहोंच्या मध्ये ठेवतात. समजा ती ०.३ हर्ट्झ आहे. तर मिनिटाला ६ फेऱ्यांना पात्यांचे समोरून जाणे आणि मनोऱ्याचे डुलणे एका तालात येईल. म्हणून कंट्रोलरला शिकवलेले असते की त्या वेगावर रेंगाळायचे नाही. तो पट्टा झटकन ओलांडून जायचा.

जाता जाता पात्याच्या आकाराविषयी. ९ मीटरचा वारा पंख्यापर्यंत येईतो सुमारे ६ मीटरचा होतो. टोकाशी पाते स्वतः ७५ मीटरने धावत असल्याने त्याला वारा जवळजवळ समोरून, फिरण्याच्या प्रतलाशी साडेचार अंशांच्या कोनात येताना भासतो. केंद्रापासून १२ मीटरवर मात्र पात्याचा वेग १५ मीटरच असतो आणि तोच वारा २२ अंशांनी येतो. म्हणून पाते मुळापासून टोकापर्यंत पिळलेले असते. खाली ट्रेलरवर आडवे ठेवलेले पाते कधी मिळाले तर मुळाशी उभे राहून टोकाकडे पाहा. तो पीळ तेथून जितका स्पष्ट दिसतो तितका चित्रात दिसत नाही.

मनोरा_८०

ग्रिड जाण्याचा प्रश्न राहिला आहे. माझ्या मते तोच सर्वांत गंभीर आहे.

ग्रिड गेली की जनरेटरचा रोध क्षणात नाहीसा होतो, पण वाऱ्याचा पीळ तसाच राहतो. पंख्याचा वेग सेकंदागणिक चढू लागतो. अशा वेळी डिस्क ब्रेकवर भिस्त ठेवता येत नाही. वेगात असलेल्या मोठ्या पंख्याची सगळी ऊर्जा त्या तबकडीवर घेतली तर ती लाल होईल. खरा ब्रेक पातीच असतात. ती सुमारे ९० अंशांत वळून वाऱ्याला धार दाखवतात आणि पंखा आपोआप मंदावतो. ग्रिडच नसल्याने पाती वळवण्याची ऊर्जा हबमध्येच, म्हणजे पाती जेथे जोडलेली असतात त्या मधल्या भागातच, साठवलेली लागते, कोठे बॅटरीत तर कोठे दाबाखालच्या तेलाच्या टाकीत. प्रत्येक पात्याची व्यवस्था स्वतंत्र असते, कारण तिन्हींपैकी एक-दोन पाती जरी वळली तरी वेग आटोक्यात राहावा, असा हिशेब असतो. जुन्या, पिच नसलेल्या यंत्रांत पात्याचे फक्त टोक आडवे वळते. डेन्मार्कमधील गेडसर येथे योहानेस युल यांनी १९५७ मध्ये उभारलेल्या २४ मीटर व्यासाच्या, २०० किलोवॅटच्या चक्कीत ही टोकाची योजना होती. ती चक्की मिनिटाला ३० फेरे घेत असे.

हे सगळे एकाच वेळी निकामी झाले तर काय होते, हे डेन्मार्कमध्येच होर्नस्लेट येथे २२ फेब्रुवारी २००८ रोजी दिसले. वादळात ब्रेक निकामी झाल्याने एक चक्की बेफाम वेगाने फिरू लागली. शेवटी पाती फुटली आणि मनोरा मध्येच मोडून कोसळला. त्याचे चित्रण मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी दाखवत असे.

माझा स्वतःचा अनुभवही लिहितो. एका मेच्या शेवटी, पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीत हबमध्ये शिरलो होतो. हबमध्ये माणूस जेमतेम वाकून बसतो. तिन्ही बाजूंना पात्यांची काळी भोके आणि मध्ये तीन बॅटरी-पेट्या. दोन पेट्यांनी पाती सरळ वळवली. तिसऱ्या पेटीवर पाते अर्ध्यात कण्हत थांबले. मी खाली उतरून कळवले. ज्यांचे यंत्र होते त्यांच्याकडून निरोप आला की दोन पुरेशा आहेत, नव्या बॅटऱ्या येईपर्यंत महिनाभर चालवा. मी तपासणीच्या कागदावर सही केली नाही आणि यंत्र कुलूप लावून बंद ठेवले. अकरा दिवस ते उभे राहिले, त्याबद्दल मला बरेच ऐकून घ्यावे लागले. एक पेटी नापास असताना यंत्र चालवणे म्हणजे राखीव व्यवस्थाच रोजच्या वापरात काढण्यासारखे आहे, हे मी आजही त्याच ठामपणे सांगेन. त्या अकरा दिवसांत पठारावर कोणी येऊन विचारले असते की इतका वारा असताना ही चक्की बंद का, तर कारण ते होते.

वाटसरू_सातारा

पुढच्या वेळी स्तब्ध उभी चक्की दिसली की मी वेगळ्या नजरेने पाहीन. आषाढात पुन्हा चाळकेवाडीला जाणार आहे. त्या वेळी ३८ वरून २५ चा बदल टिपण्याचा प्रयत्न करीन. एक पाते डोळ्यांत धरून मिनिटभर फेरे मोजताना माझा गोंधळ होतो. काही सोपी पद्धत आहे का?

मनोरा_८०

आहे. एक पाते धरून ठेवू नका, मनोऱ्यावर नजर ठेवा. मनोऱ्यासमोरून खाली येणारे प्रत्येक पाते मोजा, तेही फक्त २० सेकंद. पाती तीन आणि २० सेकंद म्हणजे मिनिटाचा तिसरा हिस्सा, त्यामुळे जो आकडा येईल तेच मिनिटाचे फेरे. बदल पाहायचा असेल तर धुके नसलेली संध्याकाळ निवडा आणि साधारण सूर्यास्ताच्या सुमारास मोजायला सुरुवात करा.